मागच्या सीटवरची

ब्रेक लावायच्या आधी मास्तर मान किंचित मागे वळवून म्हणायचे, "धरून बस गं." मागची सीट रिकामी असायची. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, रिकाम्या खुर्चीला चहा विचारणारी.

नाशिकरोडला ते गाडी चालवायला शिकवत. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी त्यांची विद्यार्थिनी: डोळ्यांवर गॉगल, केसांना स्कार्फ. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारे, पण ऐट अशी की शेजारचं सगळं एकलहरे गाव मलाच बघायला थांबलंय! मला मास्तर "वहिनी" म्हणत, अहोजाहो करत. मग हे "गं" कुणाला?

"मास्तर, मागे कोण भूत बसवलंय?" एकदा मी फिदीफिदी हसत विचारलं.

"आमची ही," ते म्हणाले. "कसारा घाटात तिथंच बसली होती. डाव्या खिडकीशी."

उतारावर चारही चाकांचे ड्रम ब्रेक तापले होते. पेडल दाबलं तरी गाडी थांबली नव्हती. मास्तर तेवढे वाचले. मग हीच गाडी दुरुस्त करून त्यांनी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. मागे जुने ड्रमच.

हे डिस्क-ड्रमचं लग्न काही जमेना. डिस्कला जोर लागतो जास्त. तेवढाच जोर मागे गेला की ड्रम आधी जाम व्हायचे आणि गाडीचं बूड गर्रकन फिरायचं. "पुढच्यांना काय होतंय, वहिनी! मागे ती आहे ना," म्हणत मास्तर खाली उतरायचे, मागच्या ब्रेकच्या नळीवरचा, जोर कमी करणारा व्हॉल्व्ह जरासा पिळायचे, पुन्हा ब्रेक मारून बघायचे. मी आपली शेजारी बसून आरशात टिकली नीट करायची.

एका सकाळी गाडी सरळ थांबली. मास्तरांनी पाना डिकीत ठेवून दिला.

"घाटात येता? एकट्यानं जायचा धीर होत नाही."

अपघाताच्या त्या वळणावर, मागेपुढे कुणी नाही बघून, त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. मास्तर मागे वळले.

"लागलं नाही ना गं?"

माझा गॉगल घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. मी तो तसाच राहू दिला.

परतताना स्टिअरिंग माझ्या हाती देऊन ते मागे बसले. आरशात पाहिलं, तर डाव्या खिडकीजवळची जागा सोडून, अंग चोरून बसलेले.

मास्तर जाऊन कितीतरी वर्षं झाली. आता मी नातवाच्या शेजारी बसते. समोर सिग्नल लाल झाला, की माझी मान आपोआप मागे वळते.

"काय गं आजी?"

"तू पुढे बघ रे," मी म्हणते. आणि हळूच मागे सांगते, "धरून बसा हो, दोघंही."