माळा मागितला, पलंग मिळाला

अकरावीत गेल्यावर मला घरात स्वतःची खोली मिळाली. खोली म्हणजे मूळची कोठीची जागा. सात फूट बाय नऊ फूट, गजांची एक खिडकी आणि आत उघडणारं एक अरुंद दार. नाशिकच्या ज्या सरकारी वसाहतीत आम्ही राहत होतो तिथं अशी बैठी घरं ओळीनं होती आणि प्रत्येकाच्या कोठीत गहू, कांदे आणि मोडक्या छत्र्या असत. आमची कोठी रिकामी करून मला देण्यामागं फार मोठा विचार नव्हता. मी बाहेरच्या खोलीत पुस्तकं पसरून बसले की आल्यागेल्याला पाय ठेवायला जागा उरत नसे, एवढंच.

मला इंजिनिअर व्हायचं होतं. ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, बांधकामाच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि ते ज्यांना साहेब म्हणत ते सगळे इंजिनिअर होते. त्या साहेबांची पत्रं घरी आणून अण्णा रात्री जेवणानंतर त्यांतल्या चुका काढत बसत, त्यामुळे साहेब होणं फारसं अवघड नसावं असा माझा समज झाला होता. अवघड होतं ते बारावीला तेवढे गुण मिळवणं, आणि त्यासाठी मला टेबल हवं होतं. जमिनीवर मांडी घालून आकृत्या काढल्या की मान आणि रेघ दोन्ही वाकड्या होतात.

कोठीच्या फरशीला ओल येई, म्हणून झोपायला पलंग लागणार हे सगळ्यांनाच मान्य होतं. पण तेवढ्या जागेत पलंगही मावायचा आणि टेबलही, तर एकच उपाय होता, आणि तो मला देवळ्याच्या मामाच्या शेतात दिसला होता. बाजरी भरात आली की मामा चार खांबांवर माळा बांधायचा. वर बसून गोफणीनं पाखरं हाकलायची आणि खाली सावलीत डबा, पाण्याचं मडकं, वाट्टेल ते ठेवायचं. पलंग असाच का नसावा? पाच फूट उंचीवर अडीच फूट रुंदीची फळी, बाजूला शिडी आणि खाली टेबल. मी आलेखाच्या कागदावर प्रमाण घेऊन तिन्ही बाजूंनी आकृती काढली. उठून बसल्यावर डोकं छताला लागतं का, तेही मोजलं. लागत नव्हतं.

अण्णांनी चष्मा लावून कागद पाहिला. "प्रमाण बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी होती. त्याच आठवड्यात मिस्त्रीला बोलवायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात पिंपळगावची आत्या द्राक्षांची पेटी घेऊन आली.

आत्या अण्णांहून बारा वर्षांनी मोठी. आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा असे आणि बहुतेक वेळा पहिलाही. तिनं कागद उलटा धरला.

"हे काय हाय?"

"पलंग," मी म्हटलं. "वर झोपायचं, खाली टेबल."

"आन चढायचं कसं?"

"शिडीनं."

आत्या अण्णांकडे वळली. "भाऊ, पाखरं राखाया बसवतो का पोरीला? मंग एक गोफण बी घेऊन दे."

अण्णा हसले. ते हसले की आपलं काम बिघडलं असं मी समजत असे.

"अक्का, तिला अभ्यासाला टेबल पाहिजे."

"अभ्यास करंल दोन वर्सं. मंग? शिडीचा पलंग लग्नात देशील? सासरचे म्हणतील, सून दिली का राखणदार दिला." तिनं कागदाची घडी घातली आणि द्राक्षाच्या बिया त्यात टाकल्या. "लाकूड एकदाच घ्यायचं आसतं. आत्ता करतोच हाय तर लग्नाचाच कर. दोन वर्सं ही झोपंल, मंग पलंग बी जाईल आन पोरगी बी."

आमच्याकडे मुलीच्या लग्नात पलंग, गादी आणि कपाट द्यायची रीत होती. वरातीमागून टेम्पो जायचा आणि त्यात पलंग किती मोठा दिसतो यावर गाव बापाची किंमत ठरवायचं. मुलीला पलंग हवा म्हणजे लग्नातला पलंग, याखेरीज दुसरा अर्थ आत्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. अण्णांच्याही येईना, हे मात्र मला नवीन होतं.

"वन्सं, पण टेबलाचं?" आईनं हळूच विचारलं.

"पलंगावर बसून वाचता येत नाय का? राजे लोक लोडाला टेकूनच वाचायचे."

राजे लोक त्रिकोणमिती करत नसत, हे मी म्हणणार होते. आईनं डोळ्यांनी नको म्हटलं.

मिस्त्री आला तेव्हा मी बियांचे डाग पडलेला कागद त्याच्यासमोर धरला. तो बराच वेळ बघत राहिला. "झकास आहे," तो म्हणाला. "अर्ध्या लाकडात होईल." त्याला वाटलं आपण माझी बाजू घेतोय. पण अर्धं लाकूड म्हटल्याबरोबर अण्णांचा चेहरा बदलला. त्यांच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यात सागवानी डबल बेड होता, आणि सही घ्यायला गेलेल्या अण्णांनी तो उघड्या दारातून पाहिला होता. मिस्त्रीनं पिशवीतून नमुन्यांची वही काढली. तीत मोर होते, कमळं होती, द्राक्षांचे घड होते. अण्णांनी अर्धा तास लावून दोन हंस निवडले. चोचीला चोच लावलेले, माना वळवून बदामाचा आकार केलेले, मध्ये आरसा. माझ्या उशाशी. मी सोळा वर्षांची होते आणि मला साइन-कॉसची कोष्टकं लावायला भिंत हवी होती.

पलंग घरातच करायचा, हेही ठरलं. मिस्त्रीच्या दुकानात दिलं की सागवान बदलून भलतंच लाकूड लावतात, यावर वसाहतीत एकमत होतं. प्रत्येक घरी लाकूड मालकाच्या डोळ्यांदेखत कापलं जायचं. त्यामुळे महिनाभर माझी खोली मिस्त्रीची झाली आणि मी भुसा झाडत बाहेरच्या खोलीत. अण्णा कचेरीतून आल्यावर कपडे न बदलता फळ्या मोजत.

"नटबोल्ट टाकू का?" मिस्त्रीनं विचारलं. "सुटा होईल."

"सुटा नको. बोल्टचा पलंग करकरतो. अख्खा करा."

"अख्खा?"

"पिढ्या गेल्या पाहिजेत."

पलंग झाला. सव्वासहा फूट बाय पाच, खाली पेटी, वर गुळगुळीत पॉलिश. खोलीत आता एका बाजूला दोन फुटांची पट्टी उरली होती आणि पायथ्याशी दार उघडण्यापुरती जागा. आत्या खास बघायला आली, पलंगावर बसली, हंसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता शोभला हेडक्लार्क."

त्यानंतरची दोन वर्षं आठवली की अजून माझं डोकं तापतं. पलंग लग्नापर्यंत नवा राहायला हवा होता. म्हणून मी भिंतीकडच्या बाजूलाच झोपायचं, गादी दुसरीकडे दबता कामा नये. शाईचं पेन पलंगावर आणायचं नाही. कंपास तर नाहीच, टोक लागेल. मी बारावीची गणितं शिसपेन्सिलीनं, मांडीवर पाट ठेवून सोडवली. आणि पेटी. पेटी रिकामी ठेवणं आमच्या घराण्याला शक्यच नव्हतं. तिच्यात आधी रजया गेल्या, मग पुरणाचं यंत्र, मग आत्यानं माझ्या लग्नासाठी म्हणून एकेक आणलेली पितळेची भांडी. मी एखादं प्रमेय अर्ध्यावर आणलं की आई दारात उभी राही.

"जरा उठतेस का? यंत्र काढायचंय."

मग मी उठायचं, वह्या उचलायच्या, गादी गुंडाळायची, फळी वर करायची. आई यंत्र घेऊन गेली की तेच सगळं उलट्या क्रमानं. तोपर्यंत प्रमेय विसरलेलं. मी माझ्या लग्नावर बसून अभ्यास करत होते, आणि ते माझ्या खाली दर महिन्याला थोडं थोडं वाढत होतं.

एकदा मी अण्णांना म्हटलं, "मला बाहेरच्या खोलीत एक साधं टेबल द्या. पाहुणे आले की उचलीन."

"एवढा पलंग केला," ते म्हणाले, "आणि तू बाहेर बसणार?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

बारावीची परीक्षा झाली. निकालाआधीच आत्यानं वणीकडचं स्थळ आणलं. मुलाचे वडील द्राक्षांचे व्यापारी, शांत गृहस्थ. चहा झाल्यावर अण्णांनी त्यांना आत पलंग दाखवायला नेलं. पाहुण्यांना पलंग दाखवणं हा आमच्या घरातला नेमच झाला होता. त्यांनी हंस पाहिले, पेटी पाहिली, लाकडावर बोटानं टकटक केली आणि मान डोलावली. मग मागं वळून दाराकडे पाहिलं, चौकटीला वीत लावली.

"हेडक्लार्कसाहेब," त्यांनी विचारलं, "हा बाहेर कसा निघतो?"

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. आईनं कपबश्या खाली ठेवल्या.

"निघंल की," आत्या म्हणाली.

"कुठून?"

ते टिंगल करत नव्हते. "आमच्याकडं माल भरायच्या आधी दार बघत्यात," एवढंच म्हणाले आणि चपला घालू लागले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. पलंग उभा करून पाहिला, आडवा करून पाहिला. दारापर्यंत यायचा आणि बाहेरच्या तीन फुटांच्या बोळात त्याला वळायला जागाच नव्हती. करवत चालवायची तर हंसांच्या मानेतून चालवावी लागणार होती. भिंत फोडायची तर घर सरकारी, त्यासाठी अर्ज लागणार, आणि तो अर्ज वर पाठवण्याचं काम अण्णांच्याच टेबलावर यायचं.

"मी विचारलं होतं," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही म्हणालात अख्खा करा."

आठवडाभर घरात एकच विषय. खिडकीचे गज काढले तर? कौलं उतरवली तर? आत्यानं पिंपळगावहून चार हमाल पाठवण्याची तयारी दाखवली. पलंग जाईल कसा याचा सगळ्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला. मला जायचंय का, हे एकानंही विचारलं नाही. वणीहून निरोप आला की पलंग राहू द्या, आमच्या घरी पलंग आहेत. हे ऐकून अण्णा असे दुखावले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"पलंगाशिवाय मुलगी द्यायची नाही," ते म्हणाले. "आधी पलंगाचं ठरू दे."

"आरं भाऊ, त्ये नको म्हंतात तर—"

"अक्का, पलंग तूच सांगितलास."

आत्या आपली पिशवी भरू लागली. वणीकडची माणसं महिनाभर थांबली, मग त्यांनी दुसरीकडे ठरवलं.

दरम्यान निकाल लागला होता. गुण पुरेसे होते, जेमतेम पुरेसे. पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म मी मागवलाच होता. एका सकाळी अण्णा कचेरीला निघताना मी तो त्यांच्यापुढे धरला. पालकांची सही. ते स्वयंपाकघरात उभे होते, आई पोळ्या करत होती. त्यांनी फॉर्म सवयीनं पहिल्या ओळीपासून वाचला.

"हॉस्टेलात टेबल देतात?"

"देतात म्हणे. प्रत्येकीला वेगळं."

"आणि पलंग?"

"लोखंडी खाट."

"बोल्टची?"

"असेल."

करकरेल, असं म्हणतील असं मला वाटलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फॉर्म टेकवायला इकडेतिकडे पाहिलं. आईनं पोळी तव्यावर टाकली आणि पोळपाट पुढे सरकवला. त्यावर ठेवून त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, कचेरीत करत तशी रेघ ओढली.

फॉर्मच्या पाठीवर पिठाचा अर्धा गोल उमटला होता. पुण्याला खिडकीवरच्या कारकुनानं तो बोटानं झटकला आणि फॉर्म गठ्ठ्यात ठेवला.