कान तुटलेल्या कपातली एफ

नकाशे काढणाऱ्या त्या माणसाला ऑफिसात सगळे मौनीबुवा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण तोंड उघडायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात उतरत्या टेबलावर वाकून त्याने जन्मभर पाइपांचे नकाशे काढले, आणि घरी बायकोशी तो पेन्सिलींनी बोलला.

खोटं वाटत असेल तर बायकोला विचारा. ती शिवणकाम करायची आणि तिची जीभ मशीनच्या वरताण चालायची. लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात याने ओट्यावरच्या कान तुटलेल्या कपात एक पेन्सिल उभी करून ठेवली आणि गुपचूप ऑफिस गाठलं. पेन्सिलीवर सोनेरी अक्षरं होती, फोर एच. "हे काय नवीन खूळ?" म्हणत ती कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे गेली. त्याने सांगितलं, एच म्हणजे कडक, बी म्हणजे मऊ, एचबी मधली, आणि आकडा वाढला की तो गुण वाढतो. "म्हणजे स्वारी चांगलीच तापलीय," ती म्हणाली. घरी येऊन तिने नवऱ्याचा डबा उघडला, सिक्स एच शोधली आणि त्याच कपात ठेवली. संध्याकाळी स्वारी हसली, आणि संसार सुरू झाला.

डबा पत्र्याचा होता आणि आत सगळ्या जुन्या पेन्सिली, केव्हाच बंद पडलेल्या कारखान्यांच्या. एक तर इतकी जुनी की तिचं शिसं चौकोनी होतं, लाकडात खाच पाडून वरून पट्टी चिकटवलेली. गोल पेन्सिली त्याच्या डोक्यात जायच्या, कारण त्या टेबलावरून घरंगळतात आणि शिसं आतल्या आत मोडतं. सहा बाजूंची पेन्सिल ज्याने काढली त्याच्याबद्दल तो एकदा आपणहून बोलला होता. "डोकं होतं त्याला," एवढंच.

लेक लहान असताना तिने एका सिक्स बीला अक्षरांच्या बाजूने टोक काढलं. अक्षरं तासली गेली, पेन्सिल निनावी झाली. बाप ओरडला नाही. नुसता त्या पेन्सिलीकडे बघत बसला. लेक अजून म्हणते, त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते.

पुढे लेकही नकाशेच काढायला लागली, पण कॉम्प्युटरवर. याला त्याचं काही नव्हतं. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. लेकीने दूरच्या शहरातली नोकरी धरली. आईला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, दूधवाल्याला दूध कमी करायला सांगितलं, आणि बापाला कळलं ते दूधवाल्याकडून! दुसऱ्या दिवशी कपात नाइन एच. त्याहून कडक डब्यात काही नव्हतंच. बाप लेकीशी बोलेना, आणि लेकही त्याचीच, तीही बोलेना.

आईचा जीव टांगणीला लागला. पोर बापाचा एक शब्द न ऐकता घर सोडणार, हे काही तिला बघवेना. ती रडली, भांडली, त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं मुद्दाम तशीच ठेवली. शेवटी तिने स्वतःच कपात टू बी ठेवून दिली. सकाळी पाहते तर पुन्हा नाइन एच. "दगड आहात, नुसते दगड!" ती म्हणाली. दगड जेवायला बसला.

लेक जायच्या दिवशी सकाळी आई ओट्याशी आली आणि थबकली. कपात वेगळीच पेन्सिल होती, कधी टोकही न काढलेली. तिच्यावर अक्षर एकच, एफ. इतक्या वर्षांत ही कपात कधी आली नव्हती.

"आई, एफ म्हणजे काय गं?" लेकीने विचारलं.

"मला काय माहीत! तुझ्या बापाला विचार."

"मी नाही विचारणार."

"नको विचारूस. अगदी बापावर गेलीयस मेली!"

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. बाप लेकीची बॅग घेऊन दारात उभा होता. लेक पुढे गेली, मागे आली, कपातली पेन्सिल उचलली आणि त्याच्यासमोर धरली.

"बाबा, एफ म्हणजे काय?"

त्याने घसा साफ केला. "नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं फाइन, कुणी म्हणतं फर्म. एच आणि एचबीच्या मधली असते."

"म्हणजे अजून थोडा राग आहे?"

"नाही."

"मग?"

"सगळा डबा उलटा केला. तू चाललीस, त्याला कोणती ठेवायची ते कळेना. म्हणून ही ठेवली."

आईला रडू फुटलं. लेकीलाही. बाप बॅगेची चेन नीट लागलीय का ते बघत राहिला. लागलेलीच होती.

लेक पेन्सिल परत द्यायला लागली तशी तो म्हणाला, "ने. आणि अक्षराच्या बाजूने टोक काढू नकोस."

"नाही काढणार, बाबा."

टॅक्सी गेली. दोघं घरात आली. रिकामा कप ओट्यावर होता. बायको डोळे पुसत म्हणाली, "आता काय ठेवताय यात?"

"काही नको," तो खुर्ची ओढून बसला. "तूही बस जरा. बोलू."

आणि जन्मभर बडबडलेल्या त्या बाईला नेमकं तेव्हाच काही सुचेना.