तिसरं सोल्डरिंग आयर्न

घरी गिटारचे अँप्लिफायर बनवणाऱ्यांनो, एक विचारायचं आहे.

आज सकाळी देवराज मोहल्ल्यातून नवीन सोल्डरिंग आयर्न आणलं. घरातलं तिसरं. पहिलं नीट तापत नाही म्हणून बाजूला टाकलं, दुसऱ्याचं टोक जाड म्हणून. हे तापमान दाखवणारं, महागातलं. दुकानदार म्हणाला, "हे घ्या सार, मग तक्रारच राहणार नाही."

दुपारी कामाला बसलो. आमच्या घरी सोल्डरला डाग म्हणतात. डाग थंड होताना तार जरा जरी हलली तर तो चकाकत नाही, राखेसारखा मळकट बसतो आणि अँप्लिफायर खरखरतो. आजचे सगळे डाग मळकट. तापमान बरोबर होतं. तार हलत होती, कारण माझा हात हलत होता.

आई शेजारी अवरेकाईच्या शेंगा सोलत बसली होती. मी म्हणालो, "हे आयर्नही बेकारच निघालं."

"तुझे अप्पा बी असंच म्हणायचे," ती म्हणाली. "ठसा सरि नाही, ठसाच बरोबर नाही."

अप्पा कापडावर ठसे मारायचे. शेवटी शेवटी त्यांच्या ठशातली वेल दुहेरी उमटायला लागली, तेव्हा ते नवे ठसे कोरून आणत राहिले. आम्ही सगळे नवीन ठशाचं कौतुक करायचो.

आई परत शेंगा सोलायला लागली.

थरथरत्या हातानं डाग लावणारं कुणी आहे का इथे? कसं जमवता?

आयर्नची नावं मात्र सुचवू नका.