मोळी कोण उचलतं?

बीडमध्ये पडद्यावरची पत्रकार परिषद आहे आणि मला बोलावणं आलंय, हे मी घरी सांगितलं तेव्हा माय ओट्यावर बसून जुनं लुगडं फाडत होती. ओझ्याखाली डोक्यावर ठेवायच्या चुंबळीसाठी ती पट्ट्या काढत होती. दसरा तोंडावर आला होता. दिवाळीच्या आसपास आमच्या शिरूर कासारकडची कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, त्यांतलेच. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दादा ऊस तोडायचे आणि माय मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन, फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. तिच्या डोक्याच्या मधोमधचे केस त्या ओझ्याने कधीच गेले होते. मी मात्र वसतिगृहात शिकून एका दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो होतो. बातम्या पाकिटात घालून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती बीडला धाडायच्या, हे माझं काम.

"पडद्यावरची म्हंजी?" मायने विचारलं.

"साहेब परदेशात बसणार, आमी बीडात. बाकीचे पत्रकार पुण्यात, दिल्लीत, कुठं कुठं. टीव्हीत एकमेकांना बघून बोलायचं, इंटरनेटवरून."

"आन् सांगणार काय त्यो?"

"ऊस तोडायचं मशीन काढलंय त्याच्या कंपनीनं. आपल्याकडं इकणार हाय."

मला त्या मशीनचा भयंकर राग आला होता. ते दिवसच तसे होते. रोज परदेशातून काही नवं यायचं आणि आम्ही आधी टाळ्या वाजवून मग विचार करायचो. मी एका कागदावर प्रश्न लिहून काढला होता, तो मायला भाषणासारखा वाचून दाखवला: एका यंत्रामागे किती कोयते घरी बसतील आणि त्या माणसांनी मग काय करायचं?

"लई चांगलं इचारलंस," ती म्हणाली. पट्टी पिळता पिळता थोड्या वेळाने तिने हळूच पुस्ती जोडली, "आन् जमलं तर इचार, त्याच्यात मोळी कोण उचलतं?"

बीडमधल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ पत्रकार जमलो. समोर मोठा टीव्ही, त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा कॅमेरा. पडद्यावर चौकोन पाडलेले होते. एकात परदेशी साहेब, एकात पुण्याची दुभाषी बाई, बाकीच्यांत देशोदेशीचे पत्रकार आणि कोपऱ्यातल्या चिमुकल्या चौकोनात आम्हीच. स्वतःला असं लांबून बघताना मी तीनदा मान हलवून पाहिली. साहेबाचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, लांबच्या बांधावर कुऱ्हाड आधी पडताना दिसते आणि मग ऐकू येते तसा. एका माणसामागे खिडकीत काळोख होता, दुसऱ्याच्या तोंडावर सकाळचं ऊन. मी राग विसरून बघतच राहिलो.

पण आमच्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. कंपनीच्या बीडमधल्या वितरकाने शाल, नारळ आणि झेंडूचा हार आणून ठेवला होता. पाहुणा टीव्हीत, मग हार घालायचा कुणाला? आमच्यातल्या सगळ्यांत ज्येष्ठ पत्रकाराने खल केला नाही. ते उठले आणि त्यांनी हार सरळ टीव्हीला घातला. टाळ्या झाल्या. कोपऱ्यातला आमचा चौकोन नारिंगी होऊन गेला.

"बीड, तुम्ही दिसत नाही आहात," पुण्याची बाई म्हणाली.

"आमी हितंच हाओत मॅडम!" ज्येष्ठ पत्रकार ओरडले. हाराचा दोरा कॅमेऱ्याच्या वायरीत अडकला होता. वितरक खुर्चीवर चढला, ज्येष्ठ पत्रकारांनी खुर्ची धरली. नमनालाच घडाभर तेल गेलं. तोवर तिकडे इतरांचे प्रश्न चालू होते आणि शेवटी यंत्राची फिल्म लागली.

यंत्र उसात शिरलं. पुढे उभा ऊस आणि मागे मोकळी जमीन. मी यंत्राकडे पाहतच नव्हतो, मी त्याच्या मागे बघत होतो. त्या एवढ्या रानात एकही बाई नव्हती. मोळी कुठे होती? नजर सारखी तीच शोधत होती.

"वेळ संपलीय. बीडसाठी एकच प्रश्न," बाई म्हणाली. ज्येष्ठांचे हात खुर्चीला गुंतलेले. मी उभा राहिलो. कागद खिशात होता, प्रश्न तोंडपाठ होता आणि तोंडातून निघालं, "साहेब, याच्यात मोळी कोण उचलतं?"

बाईने इंग्रजीत सांगितलं. साहेब हसला. आधी हसताना दिसला, मग हसू ऐकू आलं. म्हणाला, मोळी नसतेच. यंत्र उसाचे तुकडे करतं आणि बाजूने चालणाऱ्या गाडीत थेट फेकतं. कुणालाच काही उचलावं लागत नाही. पडदा निळा झाला.

मी अगदी खुशीत घरी आलो. जगाच्या त्या टोकाला बसलेल्या माणसाला माझ्या मायचा प्रश्न विचारला होता आणि त्याने उत्तर दिलं होतं! मायने सगळं खोदून खोदून विचारलं. तुकडे केवढे, गाडी कशी चालते, साहेब दिसायला कसा. मोळी नसतेच म्हटल्यावर तिचा हात आपसूक टाळूवर गेला.

"लई बेस झालं," ती म्हणाली. "आन् दुसऱ्याला काय म्हणला?"

"दुसरा कोणता?"

"आमी काय करायचं मग, त्ये."

मी खिशातला कागद चाचपला. "एकच इचारू दिला, माय."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. "मग माजा कावून इचारलास? तुजा लई गरजेचा व्हता की."

 तिने पट्ट्या पुढे ओढल्या आणि चुंबळ पुन्हा पिळायला घेतली.