पेशंटची डावी बाजू

माझी नणंद अकरा वर्षं रुग्णवाहिकेवर काम करते. माझे यजमान शिडीवरून पडले, त्या दुपारी सगळ्यात जवळ तिचीच गाडी होती.

आत येऊन ती भावाशेजारी गुडघे टेकून बसली. "कोणत्या बाजूवर आपटलं?"

मी त्यांच्यासमोर उभी होते. "उजव्या. स्टुलाच्या कडेवर."

"तुमची उजवी की पेशंटची?"

मी माझा उजवा हात उचलून दाखवला.

"वहिनी, आमच्याकडे डावं-उजवं पेशंटचं धरतात, बघणाऱ्याचं नाही."

"मग डावी."

तिने डाव्या बरगड्यांखाली बोटं दाबली. यजमान कळवळले. "हळू गं, हाडवैरिणी!"

ती हसली नाही. तिने हॉस्पिटलला फोन लावला. "पुरुष, वय एक्कावन्न. डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्या मोडल्यासारख्या वाटतायत. पोट कडक, नाडी फार भरभर चालतेय. प्लीहा फुटली असावी, आत रक्तस्राव होतोय. ऑपरेशनची तयारी ठेवा." भाजी काय आणू, असं विचारतानाही तिचा आवाज असाच असतो.

हॉस्पिटलच्या दारात नर्सने विचारलं, "नातेवाईक कोण?" नणंदेने माझ्याकडे बोट दाखवलं आणि ती पुढच्या कॉलला निघून गेली.

ड्युटी संपवून ती आली, तेव्हा मी तिथेच बाकावर बसले होते.

"प्लीहा काढली," मी म्हटलं. "वाचले."

"दादा?"

"हो गं, तुझा दादाच."

ती माझ्या शेजारी बसली. रडायला दोघींनाही आलं नाही.