नव्याचा पहिला घास

कोहमाऱ्यापलीकडं जंगलालगत एक कॉलेज आहे. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाचा स्वयंपाक सत्यभामाबाई उईके करत. बाई तोंडानं फटकळ. ताटात भात उष्टा टाकणाऱ्या पोरीला सगळ्यांदेखत विचारत, "तुह्या बापानं चिखलात पाय कायले सडवले वो?" पण कुणाला ताप आला, की तिच्या उशाशीही त्याच बसत.

त्यांचा एक नेम होता. हलका, लवकर पिकणारा धान निघाला, की प्रत्येक पोरीनं घरून ओंजळभर नवे तांदूळ आणायचे. सगळे एका हंडीत शिजायचे; हेच पोरींचं 'नवं'. पहिला घास मोठ्या देवाला, दुसरा पोरींना. सगळ्या पोरी जेवेपर्यंत बाई घरीसुद्धा नव्या तांदळाला शिवत नसत.

गेल्या वर्षी तांदूळ जमले, आणि नव्याच्या आदल्याच दिवशी विद्यापीठाची समिती आली. पोरं कमी झालेली बी.ए. ठेवायची की बंद करायची, हे ती ठरवणार होती. बंद म्हणजे वसतिगृहालाही कुलूप, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुसऱ्या वर्षाला असलेली रीना मडावी चुलीपाशी येऊन रडायला लागली. "मावशी, गोंदियाले बाबा मले धाडत नाही. इथंच संपलं माहं शिक्षण."

मग बाईंनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. पोरींची हंडी देवाआधी पाहुण्यांसाठी चढवली. आपल्या घरचं नवं खाल्लेला माणूस आपल्या पोरींचं वाईट कसं करील? साहेबलोक बोटं चाटून जेवले. एका मॅडमनी तर दोनदा भात घेतला. दाराआडून बाईंनी रीनाला मानेनं खूण केली, झालं आपलं काम. भोळी बिचारी बाई! खाल्ल्या मिठाला जागणारी माणसंच तिनं आयुष्यभर पाहिली होती.

हिवाळा सरता सरता आदेश आला. बी.ए. बंद, मुलींना गोंदियाच्या कॉलेजात सामावून घेतलं जाईल. वसतिगृहाला कुलूप लागलं, पोरी पांगल्या, आणि रीनाला बापानं वैशाखात उजवून टाकलं.

कॉलेजातले बाबू चुन्नीलाल बाईंना म्हणाले, "बाई, साहेबलोक येण्याआधीच ठरलं होतं. नुसती पाहणी उरकून गेले." बाईंना ते कधी पटलंच नाही. "देवाचा घास माणसाले देल्ला म्या," एवढंच त्या म्हणत, आणि आतल्या आत झुरत.

यंदाही धान निघाला. सुनेनं नवा भात रांधला, बाई मात्र जुन्याच तांदळावर राहिल्या. एका दुपारी रीना नवऱ्याच्या गाडीवरून बाईंच्या घरी आली. गळ्यात काळी पोत, पदरात ओंजळभर तांदूळ.

"मावशी, नवं करू."

बाईंनी हंडी चढवली. भात झाल्यावर पहिला घास देवापुढं ठेवला, दुसरा रीनाच्या तोंडात घातला. रीनानं त्यांना भरवायला हात पुढं केला, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"आता काऊन थांबता मावशी? खा ना."

"बाकीच्या पोरी येऊ दे वो," बाई म्हणाल्या.