परत करायची साडी

दुपारी चारच्या सुमाराला मी आणि बायकोनं मिळून एका साडीची घडी घातली. तिच्याबरोबर केलेलं शेवटचं साधं काम ते.

आमची खोली बारा फुटांची आणि साडी साडेपाच मीटरची. म्हणून ती आत कपाटाला पाठ लावून उभी राहायची आणि मी दुसरं टोक धरून उंबरा ओलांडून ओट्यावर जायचो. "कोपरा धर. ताण. आता ये." मग ती दोन्ही हातांत काठ धरून चालत यायची. बोटांना बोटं लागली की तिच्या हातातली टोकं मी घ्यायचो आणि ती खाली वाकून मोड उचलायची. त्या दिवशी तिचे गुडघे धरले होते, म्हणून मीच वाकलो.

"म्हातारा वाकला रे बाबा एकदाचा," ती म्हणाली.

साडी वांगी रंगाची होती. वांगी म्हणजे आमची भरताची हिरवी नाही, जांभळी. तिनं मोबाईलवरून मागवलेली आणि आता परत करायची होती. कंपनीनं ज्या घडीत पाठवली त्याच घडीत बसवली, किमतीची चिठ्ठी वर आली, पिशवीत सरकवली आणि पिशवी टीव्हीखालच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी न्यायला माणूस येणार होता.

मग तिनं चहा केला. कप विसळताना म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. रिक्षा केली, दवाखान्यात नेलं, आणि दिवेलागणीच्या आत ती गेली. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

पिशवी फळीवर तशीच होती. पुढचे सहा दिवस घरात माणसं येत होती, जात होती, रडत होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, ती साडी परत द्यायची की नाही. कुणाला सांगितलं असतं तर म्हातारा बहकला म्हणाले असते. पण ती साडी तिला आवडली होती, आणि ती परत करायला मी लावलं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि धुळ्याला आग्रा रोडवर साडीच्या दुकानात चाळीस वर्षं गादीवर बसलो. मालक म्हणून नाही, नोकर म्हणून. साड्या उलगडायच्या, बाईसमोर पसरायच्या, बाई नाक मुरडून उठली की पुन्हा घडी घालायची. कापड बोटांत धरलं की त्यात भेसळ किती ते मी सांगायचो. अडलंच तर दोरा ओढून काडी लावायची, वासावरून कळायचं. लिहिण्यावाचण्यात मी कच्चा, पण कापडात मला कुणी फसवलं नाही. आता ते दुकान नाही. तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.

तर असं माझं दुकान खाणारी वस्तू, मोबाईल, मुलीनं जळगावहून आईला पाठवली, आणि मागच्या दिवाळीला येऊन कसं मागवायचं तेही शिकवून गेली. आमची ही सातवी शिकलेली. माझ्याहून तीन इयत्ता पुढं होती आणि ते मला विसरू द्यायची नाही. गुडघ्यांमुळं तिचा बाजार बंद झाला होता, तो आता खुर्चीत बसून सुरू झाला. पहिल्यांदा तिनं कुकरची रबरी रिंग मागवली, जी मी तीन दुकानं फिरूनही आणली नव्हती. मग गुडघ्याचा पट्टा. मग माझ्यासाठी चप्पल. मी दुपारी झोपलो होतो तेव्हा तिनं पायाखाली कागद धरून पेन्सिलीनं माप काढून घेतलं. चप्पल अगदी बरोबर बसली, त्याचाच मला जास्त राग आला.

साड्यांवर आली तेव्हा मात्र मी बोललो. "कापड हातात न घेता साडी घेणारी बाई मी जन्मात पाहिली नाही."

चिडली की ती अहिराणीवर यायची. "दुसरासन्या बायकासले साड्या दाखाडी दाखाडी जलम गया तुमना. मनाकरता काय आणं? सेलमधली उरेल."

खरं होतं. दिवाळीला मालक डाग पडलेली नाहीतर काठ विरलेली साडी नोकरांना कमी भावात द्यायचा, ती मी घरी आणायचो. डाग निऱ्यांत जाईल अशा बेतानं ती नेसायची. इतक्या वर्षांत तिनं स्वतः निवडलेली साडी घरात एकही नव्हती. दिवसभर बायकांना "तुमच्या पसंतीनं बघा" म्हणणाऱ्या माणसाला हे तिनं तोंडावर फेकेपर्यंत सुचलं नव्हतं.

फसली पण ती. एकदा फोनवर कुठल्या भलत्याच दुकानाची जाहिरात आली, स्वस्तात पैठणी. पाकिटातून निघालं पडद्याचं कापड, तेही अर्धं. दुसऱ्या दिवशी ते दुकान फोनवर सापडेना. मी आठवडाभर हसलो. तिनं तो पडदा न्हाणीघराच्या खिडकीला लावला आणि मला म्हणाली, "आंघोळ करताना पैठणीकडे बघत जा."

शेजारच्या बाईवर तर मोठंच संकट येत होतं. तिला मिक्सर परत करायचा होता. फोनवर कुठला तरी नंबर शोधून तिनं लावला, तिकडून एक माणूस हिंदीत गोड गोड बोलायला लागला आणि म्हणाला, आता तुमच्या फोनवर आकडा येईल तो मला सांगा. बाई ओट्यावर उभी राहून आकडा वाचायला लागली. ही उठली, तिच्या हातातला फोन ओढून घेतला आणि त्या माणसाला अहिराणीत असं काही सुनावलं की त्यानंच फोन ठेवला. एरवी गुडघ्यांमुळं पाण्याचा तांब्याही हातात मागणारी ही, अशी उठली. त्याला एक शब्द कळला नसेल, पण अर्थ पोचला.

तेव्हापासून गल्लीतल्या बायका मागवायच्या आधी हिला विचारायच्या, आणि परत करायच्या साड्या माझ्याकडे यायला लागल्या. "नाना, घडी बसाडी द्या ना." एकदा उलगडलेली साडी पुन्हा त्या पिशवीत तशीच बसवणं कुणालाही जमत नाही. कंपनीच्या घडीच्या रेघा कापडावर असतात. त्या रेघांवरून बोट फिरवत गेलं की साडी मिटत जाते. दुकान गेल्यावर हाताला काम नव्हतं, ते असं मिळालं. टोक धरायला ही होतीच. एक बाई नेसून झालेली साडी घेऊन आली. मी पदर नाकाला लावला आणि विचारलं, "हळदीचा वास येतोय. कुणाचं लग्न होतं?" बाई साडी उचलून निघून गेली.

"तोंड जरा सांभाळा," ही म्हणाली. "तिच्या घरून ताक येतं आपल्याला."

चार दिवस ताक आलं नाही.

आता त्या वांगी साडीचं. चोपड्याला तिच्या भाच्याचं लग्न ठरलं होतं. हळदीला नेसायची म्हणून तीन दिवस फोनमध्ये डोकं घालून तिनं ती निवडली. आली तेव्हा खांद्यावर टाकून आरशात पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. चांगली दिसत होती. ते मी म्हणालो नाही. पदराच्या टोकाचा एक दोरा ओढला आणि काडी लावली. दोरा वितळून त्याची गोळी झाली.

"सुती लिहिलंय. निम्मं प्लॅस्टिक आहे," मी म्हणालो. "आणि हा रंग एका धुण्यात जाणार."

"नही जात."

"जाणार."

"'पहिला पाणीले थोडा जासच,' आसं तुम्हीच सांगेत ना गिऱ्हाईकसले?"

"तो धंदा होता."

गडद रंगाची साडी घेताना बायका हमखास विचारायच्या, रंग जाईल का. मी म्हणायचो, पहिल्या पाण्याला थोडा जातोच, मूठभर मीठ टाका. पुढंही रंग गेला तर बाईला वाटायचं आपलंच मीठ कमी पडलं. हे मी हिला कधीतरी हसत सांगितलं होतं, ते तिनं जपून ठेवलं होतं.

दोन दिवस मी तिला सोडलं नाही. जेवताना तेच, चहाला तेच. मला माझं कापडाचं ज्ञान दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. शेवटी तिनं फोन घेतला. साडी का परत करताय ते फोन विचारतो, खाली कारणं दिलेली असतात. "माल खराब, ते दाब," मी म्हणालो. तिनं काहीतरी दाबलं. "झालं तुमच्या मनासारखं," म्हणाली, आणि आम्ही घडी घालायला उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ चोपड्याहून हिरवी साडी घेऊन आला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला माहेरची साडी नेसवतात. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि माझी बोटं सवयीनं तिच्यावर फिरली. "सूत चांगलं आहे, भाऊ," मी म्हणालो. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला.

बाहेर तिरडी बांधत होते तेव्हाच पार्सलवाला आला. हा पन्नाशीचा गृहस्थ, पूर्वी आमच्याच रोडवर चपलांच्या दुकानात होता. अक्का, अक्का करायचा तिला. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून टोपी काढून उभा राहिला, मग माणसांबरोबर स्मशानापर्यंत चालत आला. पार्सलचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी म्हटलं, नंतर या. सहाव्या दिवशी आला तेव्हा दारातच म्हणाला, "नाना, बोलायला नको वाटतं, पण आज शेवटचा दिवस आहे. आज दिली नाही तर परत जाणार नाही."

मी पिशवी आणून त्याच्या हातात दिली. मनाशी म्हटलं, तिनंच परत करायचं ठरवलं होतं, तिनं सुरू केलेलं काम पुरं करावं. मुलगी आईचा फोन घेऊन बाहेर आली, आकडा सांगायला. तो आपल्या फोनवर बघून वाचायला लागला. "साडी, वांगी रंग, एक नग. कारण, आता गरज नाही."

"काय कारण?"

"आता गरज नाही. अक्कांनी तसंच टाकलंय, नाना."

मी माल खराब दाबायला सांगितलं होतं. माझं ऐकून तिनं साडी परत करायला काढली, पण तिला खराब म्हणाली नाही.

त्यांना माल तपासून घ्यावा लागतो. त्यानं साडी पिशवीतून काढली आणि घडी सोडवायला बोट घातलं. घडीचा एक पदर मोकळा झाला.

"थांबा," मी म्हणालो, आणि साडी त्याच्या हातातून घेतली.

"नाना, मग ही पुन्हा परत होणार नाही."

"न होऊ द्या."

"रद्द टाकू?"

"टाका."

त्यानं रद्द टाकलं. मग ओट्यावर बसला आणि मुलीकडे पाणी मागितलं. सुतकाच्या घरी कुणी काही घेत नाही. तो मात्र तांब्याभर पाणी प्याला आणि गेला.

"बाबा, ही नेसणार कोण?" मुलगी म्हणाली.

"तू ने."

"मला हा रंग शोभत नाही. आईला शोभायचा."

"माहीत आहे मला," मी म्हणालो. आरशासमोर म्हणायचं होतं ते आता पोरीला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला तेव्हा मी बादली भरून मोरीत बसलो. साडी पिशवीतून काढली. घडी माझ्याच हातानं मोडली. एकट्यानं मोडायला काही लागत नाही, घालायलाच दुसरं माणूस लागतं. पाण्यात मूठभर मीठ टाकलं, साडी बुडवली आणि बाजूला बसून राहिलो. ती बरोबर की मी बरोबर, ते मला बघायचं होतं.

मुलगी दात घासत मागं येऊन उभी राहिली. "बाबा, रंग जातोय."

बादलीतलं पाणी जांभळं झालं होतं. मला दिसत होतं.

"पहिल्या पाण्याला थोडा जातोच," मी म्हणालो. ते पाणी मोरीत ओतलं आणि बादली पुन्हा नळाखाली धरली.